सहा सिलिंडरची 1966 ची फोर्ड मस्टँग घेऊन घरच्या गॅरेजमध्ये तिच्यात व्ही-8 (आठ सिलिंडरचं इंजिन) टाकता येईल का? सुरुवात कुठून करू?

जमेल. मी मिशिगनमध्ये दोन गाड्यांच्या गॅरेजात 1966 चीच मस्टँग कूपे सहा वर्षं दुरुस्त करतोय, त्यामुळे घरी होत नाही असं मी तरी म्हणणार नाही. पण सुरुवात इंजिनापासून करू नका. गाडी बघायला जाल तेव्हा बादलीभर पाणी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन जा.

बॉनेट संपतं तिथे, पुढच्या काचेखाली, पत्र्याला फटी असतात. आत हवा यायची वाट तीच. त्या पत्र्याखाली एक बंद पोकळी असते, तिला काउल म्हणतात. फटीतून हवेबरोबर पावसाचं पाणीही शिरतं. ते दोन्ही टोकांनी बाहेर निघून जावं, हवेच्या भोकातून आत येऊ नये, म्हणून भोकाभोवती पत्र्याची उभी कड असते. तिथे वाळलेली पानं साठतात, ओल धरतात आणि कड बुंध्यापाशी गंजून जाते. वरून रंग चकचकीत, आत चाळणी. म्हणून डॅशबोर्डखाली, पाय ठेवतो तिथे, वर्तमानपत्र पसरायचं आणि दोन्ही बाजूंच्या फटीत सावकाश पाणी ओतायचं. कागद भिजला तर किंमत निम्म्यावर आणा किंवा सरळ घरी या.

मी हे केलं नव्हतं. विकणाऱ्याने 'फ्लोअर नवा टाकलाय' सांगितलं, आणि खरंच टाकला होता. पहिल्या मोठ्या पावसानंतर ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट पिळलं तर फडक्यातून निघावं तसं पाणी निघालं. आठवडाभर मी हीटरवर संशय घेत बसलो. हीटरचा कोर (आतला छोटा रेडिएटर) गळला तरी ओल तिथल्याच आसपास येते. पण ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, त्याला गोडसर वास असतो आणि बोटाला ते चिकट लागतं. माझं पाणी साधं होतं. शेवटी बादली ओतली, डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा झोपलो, तर आधी टपटप, मग सरळ कपाळावर धार. फ्लोअर का गंजला होता हे न बघताच आधीच्या माणसाने तो बदलला होता.

काउल नीट करायचं तर बॉनेट, दोन्ही मडगार्ड, पुढची काच, सगळं उतरवावं लागतं. वरचा पत्रा सुटा करायला शंभरावर स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके) एकेक करून ड्रिलने कापायचे. मला दोन हिवाळे लागले. अवघड काम नाही, चिकट आहे. लोक वरून सीलंट फासतात. त्याने पाणी थांबत नाही, फक्त पुढच्या गिऱ्हाइकापासून लपतं.

वेल्डिंग शिकून घ्या. साधं मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) पुरतं, तार बारीक ठेवा. एका जागी सलग ओढत गेलात तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, मधे गार होऊ द्यायचं. फ्लोअर कापताना एका वेळी एकच बाजू कापा, गाडीचं वजन नेहमीसारखं चाकांवर राहील असा आधार द्या, आणि दर थोड्या वेळाने दारं लावून बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्राच सगळा भार पेलतो. दार घासायला लागलं म्हणजे गाडी वाकली.

आणि डिकीकडे ठिणगी पाडण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजबाहेर न्या. या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन आहे, मधे दुसरं काही नाही. 'टाकी रिकामीच आहे' म्हणून गाफील राहू नका, रिकामीत वाफ असते आणि भडका तिचाच उडतो.

आता व्ही-8. आधी तुमच्या गाडीचा नंबर वाचा. ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवर तो असतोच, आणि बॉनेट उघडलं की डाव्या मडगार्डच्या आतल्या कडेलाही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. सुरुवात 6F07T अशी असेल तर 6 म्हणजे 1966, F म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, 07 म्हणजे हार्डटॉप (कूपेच) आणि T म्हणजे 200 घनइंची सहा सिलिंडर, 120 हॉर्सपॉवर. माझ्या गाडीत त्या जागी C आहे: 289 चं व्ही-8, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, 200 हॉर्सपॉवर.

T च्या गाडीत व्ही-8 बसतं, जागा भरपूर आहे. पण फोर्डने सहा सिलिंडरची गाडी खालपासूनच हलकी बांधली होती. चाकाला पाचाऐवजी चारच नट. पुढचे ब्रेक ड्रम 10 ऐवजी 9 इंची. मागचा डिफरन्शियल नाजूक, पुढच्या स्प्रिंगा मऊ, स्टिअरिंगचे दांडे बारीक, रेडिएटर लहान. नुसतं इंजिन बसवलंत तर गाडी पळेल. प्रश्न वळायचा आणि थांबायचा आहे. हे सगळं बदलायचं म्हटलं की हिशेब साधा होतो: C ची गाडी महाग वाटली तरी शेवटी स्वस्त पडते. नाहीतर सहा सिलिंडर तसंच ठेवा. मजबूत इंजिन आहे, सात मेन बेअरिंगचं. फक्त त्यातून जादा ताकद काढायच्या नादी लागू नका. त्याचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोचवणारी नळी) हेडबरोबर एकसंध ओतलेला आहे, काढून दुसरा लावता येत नाही.

मोडिफिकेशनची हौस भागवायचीच असेल तर पहिला पैसा ब्रेकवर घाला. 1966 पर्यंत या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग) एकाच खान्याचा होता, 1967 पासून दोन खान्यांचा आला. एक खाना म्हणजे चारपैकी कुठल्याही चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. माझं मागचं एक व्हील सिलिंडर (चाकापाशी त्या तेलाने ब्रेक दाबणारा भाग) असंच फुटलं. नशीब घरच्या उतारावर, चालण्याच्या वेगात. पेडल फळीपर्यंत गेलं, हँडब्रेक ओढेपर्यंत गॅरेजच्या दाराला पोचा पडला होता. तो मी मुद्दाम दुरुस्त केला नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर, सगळ्या नळ्या-होज नवे, आणि जमलं तर पुढे डिस्क ब्रेक. जुने ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओलं करून पुसा.

पुढच्या सस्पेन्शनला मात्र एकट्याने हात लावू नका. स्प्रिंग वरच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) दाबून बसवलेली असते आणि बाजारातले साधे हुकवाले कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायची अवजारं) तिथे नीट बसत नाहीत. निसटली तर हात जाईल. या गाडीसाठीचा खास कंप्रेसर भाड्याने आणा आणि एखाद्या जाणत्याला बोलवा. तेव्हाच वरचा आर्म एक इंच खाली घ्यायची भोकं पाडून घ्या. शेल्बी या कंपनीने मस्टँगवरून बनवलेल्या 1965 च्या जीटी 350 मध्ये हेच केलं होतं. ड्रिल आणि टेम्प्लेट एवढाच खर्च, आणि वळणावर गाडी वेगळीच वाटते.

सगळी गाडी एकदम सोडू नका. खोक्यांत भरलेल्या मस्टँग जाहिरातींत रोज दिसतात, 'नव्वद टक्के काम झालंय' असं लिहून. एक भाग सोडा, जोडा, चालवा, मग दुसरा.

गाडी बघून आलात की नंबरची पहिली पाच अक्षरं आणि वर्तमानपत्र भिजलं की नाही, एवढं खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.