सर्बियातल्या बोर या तांब्याच्या शहराचा इतिहास काय आहे आणि तिथले लोक कोण?

बोरला लागूनच एक प्रचंड खड्डा आहे. तिथे पूर्वी टेकडी होती, तिल्वा रोश. व्लाख बोलीत याचा अर्थ लाल टेकडी. व्लाख म्हणजे पूर्व सर्बियात पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मेंढपाळी करत आलेले लोक. त्यांची बोली रुमानियनच्या जवळची. तुम्ही तिथल्या लोकांबद्दल विचारलंत म्हणून यांच्यापासून सुरुवात करतोय. एरवी बोरची गोष्ट ज्योर्जे वाइफर्टपासून सांगतात. ते बिअरचे कारखानदार, पुढे राष्ट्रीय बँकेचे गव्हर्नर झाले. आजही सर्बियाच्या 1000 दिनारच्या नोटेवर त्यांचं चित्र असतं. 1902 मध्ये त्यांच्या माणसांना, फ्रान्या शिस्तेक या अभियंत्याच्या देखरेखीखाली, तिल्वा रोशमध्ये तांबं सापडलं आणि दोनच वर्षांत खाण फ्रेंच कंपनीकडे गेली.

तिथल्या खनिजात गंधक असतं. ते भट्टीत घातलं की सल्फर डायऑक्साइडचा धूर निघतो, आणि तो आसपासच्या पिकांवर, कुरणांवर उतरायचा. मे 1935 मध्ये भोवतालच्या गावांतले शेतकरी, त्यात बरेचसे व्लाख, या धुराविरुद्ध बोरवर चालून आले. तांब्याच्या शोधाइतकीच ही घटना मला मोठी वाटते.

दुसऱ्या महायुद्धात खाण जर्मनांच्या हाती गेली. 1943-44 मध्ये हंगेरीतून सुमारे 6000 ज्यू पुरुष वेठबिगारीसाठी इथे आणले गेले. त्यांच्यात मिक्लोश राद्नोती हा हंगेरियन कवी होता, आणि मला बोर माहीत झालं ते त्याच्यामुळेच. बोर आणि झागुबित्साच्या डोंगरांतल्या छावणीत, दिवसभराच्या श्रमानंतर, तो एका छोट्या वहीत कविता लिहायचा. सप्टेंबर 1944 मध्ये जर्मन माघार घेऊ लागले तेव्हा त्याच्या तुकडीला हंगेरीच्या दिशेने पायी हाकलत नेलं. वाटेत शेकडो जण मारले गेले. नोव्हेंबरमध्ये आब्दा गावाजवळ त्यालाही आणखी 21 जणांसोबत गोळी घातली. 1946 मध्ये ती सामूहिक कबर उकरली तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात वही सापडली. पहिल्या पानावर पाच भाषांत विनंती होती, की ज्याला ही वही मिळेल त्याने ती हंगेरीत पोचवावी. हे वाचल्यापासून तांब्याची तार पाहिली की मला ती वही आठवते.

युद्धानंतर युगोस्लाव्हियाने खाण सरकारी केली आणि देशभरातून कामगार इथे येऊन वसले. शाळा, वसाहती, तळं, सगळं खाणीच्या जोरावर उभं राहिलं. नव्वदच्या दशकात निर्बंध आणि युद्धांमुळे ते कोलमडलं. 2002 मध्ये शहरात 39 हजारांहून अधिक लोक होते. 2022 च्या जनगणनेत 29 हजारही भरले नाहीत.

2018 मध्ये चीनच्या झिजिन कंपनीने 63 टक्के हिस्सा घेतला, 2021 मध्ये चुकारू पेकी ही नवी खाण सुरू झाली. शहरात आता चिनी कामगारही दिसतात. वेलिकी क्रिवेल खाणीशेजारच्या क्रिवेल गावकऱ्यांना सगळं गाव एकत्रच दुसरीकडे हलवून हवं आहे, आपली वस्ती विखरू द्यायची नाही. तेही बहुतेक व्लाखच आहेत.