‘सुरक्षित मर्यादा’ देशागणिक बदलते, मग ती विज्ञान ठरवतं की सरकार?

तुमचा प्रश्न असा आहे की हवेतल्या सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, सुरक्षित मर्यादा एका देशात एक आणि दुसऱ्या देशात दुसरी कशी. विज्ञान सगळीकडे सारखंच असेल तर कुणीतरी खोटं बोलत असणार.

बहुतेक वेळा खोटं कुणीच बोलत नसतं. मर्यादेचा आकडा दोन टप्प्यांत तयार होतो. किती मात्रेला किती अपाय होतो, हे विज्ञान सांगतं. त्यातला किती अपाय चालवून घ्यायचा आणि बाकीचा टाळायचा खर्च कुणी उचलायचा, हे सरकार ठरवतं. आपल्यापर्यंत येतो तो दोन्ही मिळून झालेला एकच आकडा, आणि मधला सांधा दिसतच नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. पीएम २.५ ची वार्षिक सरासरी, प्रति घनमीटर मायक्रोग्रॅममध्ये: जागतिक आरोग्य संघटनेचा २००५ चा आकडा १० होता, २०२१ मध्ये तो ५ झाला. अमेरिकेने २०२४ मध्ये १२ वरून ९ केला. युरोपीय संघाचा २५ आहे, तो २०३० पर्यंत १० वर आणायचं ठरलंय. भारताचा ४० आहे. ही सगळी मंडळी तेच संशोधन वाचतात. अडचण अशी की ज्याच्या खाली या कणांचा काहीच त्रास नाही असा उंबरठा संशोधनात सापडलेलाच नाही. त्यामुळे कुठलाही आकडा निवडला तरी त्याखाली थोडा अपाय शिल्लक राहतोच. आरोग्य संघटनेचा ५ हा सल्ला आहे, तो कुणावर बंधनकारक नाही. सरकारचा आकडा मात्र कायदा असतो. तो ओलांडला की कारखाने, वाहनं, वीजकेंद्रं यांवर काहीतरी करावं लागतं. म्हणून तो ठरवताना काय झेपेल हे बघितलं जातं. ४० चा अर्थ तिथल्या फुफ्फुसांना ४० मानवतं असा मुळीच नाही.

हा सांधा उघड दिसतो तो अमेरिकेतल्या पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकच्या बाबतीत. तिथे कागदावर तीन आकडे आहेत. आरोग्याच्या दृष्टीने उद्दिष्ट शून्य, कारण आर्सेनिकने कर्करोग होतो. तंत्रज्ञानाने गाठता येईल अशी पातळी लिटरला ३ मायक्रोग्रॅम. आणि कायद्यातली मर्यादा १०. तीनवरून दहावर का गेले? कारण तिथल्या कायद्यात खर्च आणि फायदा तोलायची तरतूद आहे, आणि छोट्या पाणीपुरवठा योजनांत खर्च थोड्याच घरांवर वाटला जात असल्याने तो प्रत्येक घरामागे फार चढतो. जानेवारी २००१ मध्ये जाहीर झालेला हा नियम मार्चमध्ये नव्या सरकारने थांबवला, फेरतपासणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये तोच १० कायम राहिला. प्रत्यक्ष अंमल २००६ मध्ये. आधीची मर्यादा ५० होती. हा वाद मुख्यतः पैशांचा होता, पण तो अनेकदा विज्ञानाच्या भाषेत मांडला गेला, आणि मला सर्वात जास्त खटकतं ते हेच. ‘आम्हाला परवडत नाही’ असं स्पष्ट म्हटलं तर त्यावर चर्चा करता येते. ‘पुरावा अपुरा आहे’ असं म्हटलं की लोकांचा विज्ञानावरचाच विश्वास उडतो.

जिथे उंबरठा सापडतो तिथे हिशोब वेगळा. खाद्यपदार्थात घालायच्या रसायनांसाठी प्राण्यांवरच्या प्रयोगात ज्या मात्रेला काही अपाय दिसला नाही ती घेतात आणि तिला १०० ने भागतात: प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी १०, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १०. ऍस्पार्टेम या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड रसायनाच्या बाबतीत अपाय न दिसलेली मात्रा शरीराच्या दर किलोमागे रोज ४००० मिलिग्रॅम. भागिले १००, म्हणजे ४०. हा शंभर निसर्गाचा स्थिरांक नाही, १९५० च्या दशकात रूढ झालेला सावधपणाचा संकेत आहे. ७० किलोच्या माणसाला रोजचे २८०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे २०० ते ३०० मिलिग्रॅम असलेल्या पेयाचे ९ ते १४ डबे. पण २० किलोच्या मुलाला ८००, म्हणजे ३०० मिलिग्रॅमवाले तीन डबेसुद्धा नाहीत. ‘इतके डबे कोण पितं’ असं म्हणून विषय मिटवणारे नेमके मुलांना विसरतात.

२०२३ च्या जुलैमध्ये याच ऍस्पार्टेमबद्दल ‘कर्करोगकारक असू शकतं’ आणि ‘४० ची मर्यादा कायम’ या दोन बातम्या एकाच दिवशी आल्या आणि लोक चक्रावले. दोन वेगळ्या समित्या, दोन वेगळे प्रश्न. पहिली समिती विचारते, या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे. किती मात्रेला, हे ती विचारतच नाही. दुसरी मात्राच बघते. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकतात.

आता तुमच्यासमोर एखादा आकडा आला तर आधी तो कशाचा आहे ते बघा. मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अमेरिकेतला ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा लोक ‘सुरक्षित पातळी’ म्हणून सांगतात. तो तसा नाही. तिथल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांपैकी सर्वाधिक शिसं असलेली अडीच टक्के मुलं ओळखण्याची ती रेघ आहे. शिशाची सुरक्षित पातळी अजून कुणाला सापडलेली नाही.

मग कालावधी. २४ तासांची मर्यादा आणि वार्षिक मर्यादा यांची अदलाबदल ही सर्रास होणारी चूक. एका दिवसाचं मोजमाप वार्षिक आकड्याशी ताडून ‘आठपट प्रदूषण’ असे मथळे तयार होतात. कामाच्या ठिकाणच्या मर्यादाही घराला लावू नका. त्या साधारण दिवसाला ८ तास काम करणाऱ्या प्रौढ माणसासाठी असतात; घरात बाळ असतं, आजारी माणूस असतो, आणि ती दिवसभर तिथेच असतात.

एककं एकसारखी करून घ्या. अहवालात आर्सेनिक लिटरला ०.०२ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ते दिसायला किरकोळ वाटतं, पण ते २० मायक्रोग्रॅम आहे, १० च्या मर्यादेच्या दुप्पट.

आणि ‘आढळले नाही’ हा शेरा दिसला की लगेच निश्चिंत होऊ नका. त्याचा अर्थ इतकाच की प्रयोगशाळेच्या यंत्राला जितकं कमीत कमी दिसतं, त्याहून कमी होतं. यंत्राला २५ च्या खाली दिसत नसेल आणि मर्यादा १० असेल, तर त्या शेऱ्यावरून काहीच कळत नाही. नमुना देण्याआधीच विचारा की तुमची मोजण्याची किमान पातळी किती, आणि ती अहवालावर लिहून मागा. ती मर्यादेच्या निम्म्याहून जास्त असेल तर दुसरी प्रयोगशाळा बघा.