जुना नॅस बंद पडतोय? आधी हे बघ

तुझा जुना नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइल्स साठवायचा डिस्कचा डबा, बंद पडतोय म्हणतोस, तर सगळ्यात आधी, स्क्रीनवर रीबिल्ड (डिस्कवरची मांडणी पुन्हा उभी करणं) किंवा इनिशिअलाइझ (डिस्क पुसून नव्याने तयार करणं) असं काहीही आलं तरी लगेच दाबू नकोस, प्लीज. डेटा अजून दिसतोय ना, मग आधी तो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घे, फोटो आणि कागदपत्रं पहिली, पिक्चर वगैरे नंतर.

आता मधेच आपोआप रीस्टार्ट होतोय म्हणतोस, तर माझा पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर. जुना झाला की नुसता चालू असताना १२ व्होल्ट बरोबर दाखवतो पण डिस्क फिरायला लागताना लोड आला की व्होल्टेज पडतं, त्यामुळे मल्टिमीटरवर सगळं ठीक दिसलं म्हणून त्याला सोडू नकोस, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघ, पिनची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस कुठे आहे ते, मात्र नक्की तपास.

मग स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, नॅसच्या सेटिंगमधून काढ. ५, १९७ आणि १९८ या नंबरांसमोरचा (हे डिस्कवरच्या खराब जागांचे) रॉ म्हणजे मूळ मोजणीचा आकडा वाढत असेल तर डिस्क खराब होत चाललीये, बदलायचीच. पण फक्त १९९ (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्टरचा घोळ असतो, चांगली डिस्क उगाच फेकली जाते रे.

डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर स्लॉटचा नंबर लिही. पंख्यातली धूळ काढ. आणि रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) आहे म्हणून बॅकअप नको असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस, चुकून डिलीट झालेली फाइल रेड परत देत नाही.