चाचणीची पेटी उघडण्याआधी

प्रश्न : माझ्या मुलीने मानसशास्त्रात बी.ए. केले असून विकासात मागे राहिलेल्या मुलांचे निदान व उपचार करण्याची तिची इच्छा आहे. त्यासाठी शिक्षण कोणते लागते? शिवाय, ही मुले पूर्ण बरी होत नसतील तर त्याला उपचार का म्हणायचे, असे तिचे वडील विचारतात. — एक आई, लालबाग

उत्तर : एम.ए.नंतर चिकित्सा मानसशास्त्राचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेऊन, १९९२ च्या कायद्यानुसार, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. दोन वर्षांचे एम.फिल. हा त्याचा रुळलेला मार्ग होता; परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ती पदवीच बंद करण्याचे ठरवल्यामुळे, प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे ना, हे मुलीने स्वतः तपासावे. चार आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

निदानाविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यात मी स्वतः चुकले आहे. नवशिकी असताना पाच वर्षांच्या एका मुलाची बिने-कामत चाचणी घेऊन मी त्याचा बुद्ध्यांक बराच कमी लिहिला. ‘पाठमोरा असला की हाकेला ओ देत नाही हो,’ असे त्याची आई सांगत होती आणि मी ते हट्टीपणाच्या खात्यात जमा केले. पुढे श्रवणतपासणीत त्याला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते असे निघाले. तेव्हापासून, बोलणे उशिरा आलेल्या मुलाला आधी कानांच्या तपासणीला पाठवल्याशिवाय (वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत ती होते) मी चाचणीची पेटी उघडत नाही. मुंबईत भाषेचीही अशीच फसगत होते : घरी मालवणी, जिन्यात हिंदी आणि शाळेत इंग्रजी असलेले मूल कोणत्या भाषेत अडले, हे न पाहता काढलेला आकडा मुलाविषयी थोडेच सांगतो. म्हणूनच व्हाइनलँडसारख्या, रोजच्या व्यवहारातली कौशल्ये पाहणाऱ्या मापनात, मूल स्वतःच्या हाताने जेवते का, बटणे लावते का, हे आईला विचारावे लागते.

आता वडिलांची शंका. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता हा ताप नव्हे, की औषधाने उतरावा. आणि औषधे लिहून देणे हे आमचे कामही नाही. तहान लागली की डोके भिंतीवर आपटणारी मुलगी पाण्याचे चित्र आईच्या हातात देऊ लागली आणि आपटणे थांबले, तर मी त्याला उपचारच म्हणते. हे वाचातज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आणि विशेष शिक्षक यांच्या साथीने घडते, आणि त्यातला निम्मा वेळ घरच्यांना शिकवण्यात जातो. मुलीने चित्र देण्याआधीच आजीने पाणी दिले की आठवड्याची मेहनत वाया जाते, हेही खरे.

एम.ए.चा अर्ज भरण्यापूर्वी मुलीने दोनतीन महिने एखाद्या विशेष शाळेत मदतनीस म्हणून जावे, आणि रोज संध्याकाळी एकाच मुलाविषयी, त्याने काय केले एवढेच, निदानाचे कोणतेही नाव न चिकटवता, वहीत लिहावे. त्या वहीची पाने भरत गेली तर तिच्या वडिलांना ती वाचायला द्यावी.