कॉलेजच्या ऑफिसात डेटाबेसचं काम: लेकीला पाठवू का?

कराडजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. लेक बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झाली. पुण्यात वर्षभर मुलाखती दिल्या, पण कुठं जमलं नाही. आता ती शिकली त्याच कॉलेजनं 'विद्यार्थ्यांचा डेटा आणि सॉफ्टवेअर सांभाळायला' तिला अकरा महिन्यांच्या करारावर बोलावलं आहे. वडील विचारतात, "एवढं शिकून शेवटी ऑफिसात कारकुनीच करायची का? नातेवाइकांना काय सांगू?"

सप्रेम नमस्कार,

नातेवाइकांचं नंतर बघू. आधी कामाचं बोलतो, कारण अशा ऑफिसात मी स्वतः चार वर्षं काढली आहेत.

एक मुलगी एफ.वाय.ला प्रवेश घेते. तिची नोंद जनरल रजिस्टरला होते, विद्यापीठाकडून पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, मिळतो, फीची पावती फाटते, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज जातो, पुढं परीक्षेचा अर्ज. आता त्यात क्रेडिट बँकेचं, म्हणजे शिक्षणात मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन नोंदीचं, खातंही आलं. माणूस एकच, पण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त एक अक्षर. कॉम्प्युटरला या तीन वेगळ्या मुली वाटतात. मग एकीची शिष्यवृत्ती अडकते, दुसरीचे क्रेडिट खात्यात दिसत नाहीत, आणि आई-वडील एसटीनं चाळीस किलोमीटरवरून येऊन खिडकीपाशी उभे राहतात. विद्यार्थ्याची ओळख नावावरून ठरवायची नाही, पीआरएनवरून ठरवायची, हा डेटाबेसचा पहिला धडा तुमच्या लेकीनं वर्गात 'प्रायमरी की' म्हणून पाठ केला असेल. तो का लागतो, हे तिला त्या खिडकीपाशी कळेल.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला गेल्या पाच वर्षांचे आकडे लागतात, उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाला दरवर्षी प्रवर्गनिहाय आणि मुलामुलींनुसार संख्या द्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी हे आकडे प्रत्येक विभागाच्या वेगवेगळ्या एक्सेलमधून गोळा होतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. दोन ओळींची एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, लिहून खरा आकडा काढणारी, आणि तो कुठून आला हे प्राचार्यांना दाखवू शकणारी व्यक्ती त्या ऑफिसात असेल, तर तिला मी कारकून म्हणणार नाही. (कारकुनी हलकी, असंही मी मानत नाही. जनरल रजिस्टर नीट लिहिणाऱ्या जुन्या हेडक्लार्ककडून मी जे शिकलो, ते कुठल्याही कोर्सात मिळालं नाही.)

आमच्या कॉलेजात ऐन प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हरची हार्डडिस्क गेली. बॅकअप रोज रात्री निघत होता, पण त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती समोर ठेवून आम्ही अकरा दिवस नोंदी पुन्हा भरल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: बॅकअप दुसऱ्या जागी हवा, आणि महिन्यातून एकदा तो खरोखर परत उघडून पाहायला हवा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

म्हणून माझं उत्तर असं: जाऊ द्या तिला, पण हो म्हणण्याआधी तिनं काही गोष्टी विचारून घ्याव्यात. डेटाबेस कॉलेजच्या ताब्यात आहे की सॉफ्टवेअर कंपनीच्या? तिला डेटाबेसमधल्या टेबलांपर्यंत, म्हणजे मूळ तक्त्यांपर्यंत, पोचून क्वेरी चालवता येतील, की फक्त पोर्टलवर माहिती भरायची आहे? नुसतं भरायचंच काम असेल, तर नको. सहा महिन्यांत शिकणं संपेल. पगार संस्था देणार की पद सरकारनं मंजूर केलेलं आहे, हेही स्पष्ट विचारावं. अनुदानित कॉलेजांच्या मंजूर पदांत लिपिक आणि अधीक्षक असतात, डेटाबेस सांभाळणाऱ्याचं पद सहसा नसतं. त्यामुळं 'पुढं कायम करू' या शब्दावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या टेबलांत मुलांच्या जाती, घरचं उत्पन्न, बँक खाती, आधार क्रमांक असतात. ऑफिसातल्या सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल, तर तिनं पहिल्या दिवशीच स्वतःचं वेगळं लॉगिन मागावं. गुण किंवा प्रवर्ग बदलायचा असेल, तर लेखी अर्ज आणि सही घेतल्याशिवाय बदलू नये, मग सांगणारा कितीही मोठा असो. 2023 साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता, तरी ही माहिती दुसऱ्याच्या लेकरांची आहे.

दोन करार, म्हणजे साधारण दोन वर्षं, एवढी मुदत मनाशी धरा. तेवढ्यात तिनं मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांपैकी एक डेटाबेस सॉफ्टवेअर पक्कं करावं आणि कॉलेजचं सबंध वर्ष दोनदा अनुभवावं: प्रवेश, परीक्षा, निकाल, शिष्यवृत्ती. त्यानंतर विद्यापीठांचे परीक्षा विभाग, विद्यापीठ-कॉलेजांचा कारभार ऑनलाइन चालवणाऱ्या 'समर्थ'सारख्या प्रणाली वापरणाऱ्या संस्था, कॉलेजांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या, अशा ठिकाणी ती अर्ज करू शकेल. कोड लिहिणारे तिथं पुष्कळ येतात. एटीकेटी म्हणजे काय आणि एलिजिबिलिटी (प्रवेशाची विद्यापीठाकडून होणारी पात्रता-तपासणी) कुठं अडते, हे माहीत असणारे फार थोडे.

नातेवाइकांना सांगा, चार हजार मुलांचं रेकॉर्ड लेकीच्या हाती आहे. आकडा मी अंदाजानं लिहिला, तुमच्या कॉलेजचा खरा तिलाच विचारा.

या रविवारी तिला एक काम द्या. स्वतःच्या वर्गातल्या मुलांची विद्यार्थी, विषय आणि फी अशी तीन टेबलं करायला सांगा, आणि फी बाकी असलेल्यांची यादी काढायला सांगा. मधे वर्ग सोडून गेलेल्या मुलाचं काय करायचं, इथं ती अडेल. तेव्हा तिनं ती नोंद पुसून टाकली की जपून ठेवली, ते मला कळवा.