विद्युतभारित कृष्णविवरं आणि मुलीचं करिअर

प्रश्न : मुलगी सांगलीत टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय भौतिकशास्त्र. विद्युतभारित कृष्णविवरांच्या थर्मोडायनॅमिक्समध्ये (उष्णता-तापमानाच्या शास्त्रात) संशोधन करायचं म्हणते. आम्ही बी.एड.चा आग्रह धरलाय. यात काही भवितव्य आहे का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. तिला नेमकं काय आवडलंय ते आधी विचारा. दुर्बिणीतून आकाश बघण्याची ओढ असेल, तर हा विषय तिचा नव्हे. आकाशातल्या कृष्णविवरांवर निव्वळ विद्युतभार जवळपास नसतोच. विरुद्ध भार ओढला जाऊन तो नाहीसा होतो. हे काम कागदावर आणि संगणकावर चालतं.

पण ते फार सुंदर आहे. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये कृष्णविवराला तापमान असतं हे दाखवलं. पुढे १९९९ मध्ये, वैश्विक स्थिरांक (आइनस्टाइनच्या समीकरणातली, रिकाम्या अवकाशाची ऊर्जा सांगणारी संख्या) ऋण मानला तर भारित कृष्णविवर लहान आकारातून मोठ्या आकारात एकदम उडी घेतं, जसं पाणी उकळून वाफ होते, हे गणिताने पुढे आलं. २०१२ मध्ये कुबिझ्न्याक आणि मॅन या संशोधकांनी त्या स्थिरांकालाच दाब मानून हिशेब केला. क्रांतिक बिंदूपाशी, म्हणजे लहान-मोठा हा फरकच मिटतो तिथे, दाब गुणिले विशिष्ट आकारमान (स्पेसिफिक व्हॉल्यूम) भागिले तापमान हे गुणोत्तर निघालं ३/८. व्हॅन डर वाल्स वायूचंही (रेणूंचा आकार आणि आकर्षण हिशेबात धरणाऱ्या वायूच्या प्रारूपाचंही) नेमकं तेवढंच!

व्हॅन डर वाल्सचं ३/८ तिच्या अभ्यासक्रमातलंच आहे. ते तिला पुस्तक मिटून काढायला सांगा, मग तीच रीत कृष्णविवराच्या समीकरणाला लावू द्या. दोन-तीन रविवार ती त्यात आनंदाने बुडाली, तर तिला अडवू नका. कंटाळली, तर तिला विषयाचं फक्त नाव आवडलं होतं असं समजा.

भवितव्याचं स्पष्ट सांगतो. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद, बहुधा परदेशात. कायमच्या जागा मोजक्या. म्हणून एवढ्या अरुंद विषयाला आत्ताच बांधून घेऊ नये. सापेक्षता, सांख्यिकी भौतिकी आणि प्रोग्रॅमिंग पक्कं करावं. त्यावर इतर वाटाही उघडतात. पीएच.डी.साठी पुण्याची आयुका किंवा मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्था डोळ्यांपुढे ठेवाव्यात. पीएच.डी.ला विद्यावेतन मिळतं, त्यामुळे तेव्हा घरावर बोजा पडत नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.

आत्ता तिने आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. परीक्षा फेब्रुवारीत असते, पण अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरावा लागतो.