४० हजारांची शिष्यवृत्ती आणि १७ लाखांचा खर्च

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४८, पतसंस्थेत लिपिक, हातात महिन्याला ३८ हजार. पत्नी शिवणकाम करतात, त्याचे सात-आठ हजार. मुलगी यंदा बारावी झाली, सीईटी दिली. गावच्या शिक्षण निधीने तिची निवड केली असून चार वर्षं, दर वर्षी ४० हजार रुपये मिळणार आहेत. अट अशी की दर वर्षी गुणपत्रिका दाखवायची आणि नोकरी लागल्यावर जमेल तसं निधीला परत द्यायचं.

त्यांचा प्रश्न असा: "पहिल्या वर्षाच्या फीची सोय झाली आहे. त्यामुळे शिष्यवृत्तीचे ४० हजार मोकळेच राहतात. आमच्या विमा प्रतिनिधींनी एक गॅरंटीड योजना सुचवली आहे. दहा वर्षं ४० हजार भरायचे, विसाव्या वर्षी ८ लाख नक्की. मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील. अर्जावर सही केली आहे, चेक द्यायचा आहे. देऊ का?"

नमस्कार. चेक देऊ नका. याचा हिशेब खाली देतो, पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट ही नाही. तुम्ही जाता जाता दोन ओळी लिहिल्या आहेत, मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही लिहिता: "कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) आपल्याच जिल्ह्यातल्या कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळत होतं. पण पुण्यात कॉम्प्युटरची सीट व्यवस्थापन कोट्यातून मिळते आहे. फी वर्षाला २ लाख ४० हजार. सुरुवातीला ३ लाख वेगळे, त्याची पावती मिळणार नाही. शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे आता एवढं झेपेल असं वाटतं."

झेपणार नाही. कागद-पेन घेऊन माझ्याबरोबर बसा.

पुण्याचा खर्च. फी चार वर्षांची ९ लाख ६० हजार. बिनपावतीचे ३ लाख. राहणं, मेस, पुस्तकं, येणंजाणं मिळून वर्षाला दीड लाखाच्या खाली काही येत नाही, म्हणजे आणखी ६ लाख. एकूण १८ लाख ६० हजार. त्यातून शिष्यवृत्तीचे चार वर्षांचे १ लाख ६० हजार वजा करा. उरले १७ लाख. तुमच्याकडे मुदत ठेवीत ६ लाख आहेत, बाकी ११ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं तुम्ही ठरवलं आहे.

हे कर्ज चार वर्षांत टप्प्याटप्प्याने उचललं जाईल. शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. साडेदहा टक्के धरले तर हप्ता सुरू होईपर्यंत ११ लाखांचे १५ लाख झालेले असतील. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण २० हजार. पहिला हप्ता पडेल तेव्हा तुम्ही ५३ वर्षांचे असाल, शेवटचा ६३व्या वर्षी. निवृत्ती ५८व्या वर्षी आहे, हे तुमच्याच पत्रात आहे. शिवाय साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्याच्यावर मागतात. तुमच्याकडे तारण द्यायला राहतं घर आणि दोन एकर ऊस. दुसरं काही नाही.

म्हणजे ज्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर तुम्ही हे धाडस करताय, तिची वर्षाची रक्कम त्या कर्जाच्या दोन हप्त्यांएवढी आहे.

"हप्ते मुलगी फेडेल, आठ लाखांचं पॅकेज मिळतंच," असंही तुम्ही लिहिलं आहे. तसं तुम्हाला कोणी सांगितलं? जागा विकायला बसलेल्या माणसानेच ना? मोठ्या आयटी कंपन्या कॉलेजांतून घाऊक भरती करतात, तेव्हा नवख्या मुलांना वर्षाला साडेतीन-चार लाखांच्या आसपास देतात आणि ही रक्कम कित्येक वर्षं फारशी हललेली नाही. हातात येतात पंचवीस-अठ्ठावीस हजार. पुण्यात राहण्या-खाण्याला पंधरा गेले तर वीस हजारांचा हप्ता कुठून जाणार? आठ लाखांवाली मुलं असतात, नाही असं नाही. पण घर तारण ठेवताना हिशेब त्यांच्या पगारावर करायचा नसतो. आणि या भरत्यांमध्ये ईएनटीसीच्या मुलांनाही बसता येतं, हे त्या एजंटाने तुम्हाला सांगितलं नसणार.

आता कॅपची जागा. तुम्ही फी १ लाख १५ हजार कळवली आहे, त्यात शिक्षण शुल्क ९८ हजार. तुमचं कुटुंबाचं उत्पन्न ५ लाख ६० हजार, मुलीकडे ओबीसी प्रवर्गाचा दाखला आणि जात वैधता दोन्ही आहेत. मग ते ९८ हजार तुम्हाला भरायचेच नाहीत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या मुलींचं, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ती पूर्ण झाली. खासगी विनाअनुदानित कॉलेजही त्यात येतं. अट एकच महत्त्वाची: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही माफी गेली, चारही वर्षांसाठी गेली.

ही माफी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करून मिळते. तुमच्या पत्रात त्याबद्दल एवढंच आहे: "ऑफिसमधल्या सहकाऱ्याने सांगितलं, एक शिष्यवृत्ती मिळाली की सरकारी मिळत नाही, उगाच खेटे घालू नका." या एका वाक्याची किंमत ४ लाख आहे. गावच्या निधीचे पैसे म्हणजे दुसरी सरकारी योजना नव्हे. निधीच्या समितीला एकदा विचारून घ्या, ते फीसाठी देतात की राहण्या-खाण्यासाठी, आणि शुल्कमाफी मिळाली तर त्यांची हरकत आहे का. हरकत असण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

कॅपच्या जागेचा वर्षाचा खर्च मग असा होतो: विकास शुल्क वगैरे उरलेलं १७ हजार, जिल्ह्याच्या गावी वसतिगृह आणि मेस ५५-६० हजार, पुस्तकं, लॅपटॉपचा वाटा, एसटी मिळून पंधरा. झाले ९० हजार. त्यातले ४० निधीचे. तुमच्या खिशातून ५० हजार, महिन्याला सव्वाचार. चार वर्षांचे २ लाख. कर्ज शून्य, घर मोकळं, आणि ६ लाखांच्या ठेवीतले निदान ४ लाख शिल्लक.

२ लाख आणि १७ लाख. निवड या दोन आकड्यांमध्ये आहे, ४० हजार कुठे गुंतवायचे यात नाही.

त्या बिनपावतीच्या ३ लाखांबद्दल स्पष्ट लिहितो. ठरलेल्या फीच्या वर असे पैसे घेणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ पासून आहे. उद्या मुलीला ती जागा सोडावीशी वाटली, कॉलेज आवडलं नाही, घरी काही अडचण आली, तर ते पैसे परत मागायला तुमच्या हातात चिटोरंसुद्धा नसेल. पतसंस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाने पावतीशिवाय ३ लाख द्यायला तयार व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. मुलीच्या भल्याची घाई माणसाकडून काय काय करून घेते!

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. दहा वर्षं ४० हजार, विसाव्या वर्षी ८ लाख. भरले ४ लाख, मिळाले दुप्पट, असं ऐकायला बरं वाटतं. व्याजदर काढला तर जेमतेम साडेचार टक्के पडतो. हेच पैसे याच पद्धतीने पीपीएफमध्ये ठेवले तर आजच्या ७.१ टक्के दराने वीस वर्षांत ११ लाख ८० हजारांच्या आसपास होतात. गॅरंटी तिथेही आहे, आणि ती सरकारची आहे. आणि सगळ्यात उघड गोष्ट ही की शिष्यवृत्ती चार वर्षांची आहे, पॉलिसीचा हप्ता दहा वर्षांचा. पुढची सहा वर्षं ४० हजार कोण भरणार? मध्येच थांबलात तर भरलेलंही पूर्ण परत मिळत नाही. हे त्या प्रतिनिधीला माहीत असतं, तरीही तो अर्ज पुढे करतो, कारण त्याचं कमिशन पहिल्या वर्षी सुटतं. मुलांच्या शिक्षणाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या या योजनांनी किती घरांची बचत खाल्ली आहे ते मी रोज बघतो, आणि मला त्याचा संताप येतो. चेक हातात असेल तर फाडून टाका. दिला असेल तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज देऊन ती रद्द करता येते. थोडी वजावट होते, ती होऊ द्या.

विमाच घ्यायचा तर स्वतःचा घ्या, साधा मुदतीचा. घरात मुख्य कमावते तुम्ही एकटे आणि तुमच्यावर पत्रात एक रुपयाचंही संरक्षण दिसत नाही. ५० लाखांचं, साठीपर्यंतचं कवच तुमच्या वयाला वर्षाला अंदाजे १५ ते २० हजारांत मिळावं. मुलीची चार वर्षं खरोखर त्यानेच सुरक्षित होतील.

गावच्या निधीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण "४० हजार मोकळेच राहतात" हे तुमचं वाक्य मला खटकलं. ते मोकळे नाहीत. असा निधी मूळ रकमेला हात न लावता व्याजावर चालतो. वर्षाला ४० हजार द्यायचे तर सात टक्क्यांनी पावणेसहा लाखांची ठेव एका विद्यार्थ्यामागे बाजूला पडून असावी लागते. यंदा आठ मुलं निवडली असं तुम्ही लिहिता, म्हणजे ४५ लाखांच्या वर रक्कम झाली. गावातून मुंबई-पुण्याला गेलेल्या लोकांनी, निवृत्त शिक्षकांनी, दुकानदारांनी पाच-दहा हजार करत ती उभी केली असणार. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहतील असं पाहिलं, म्हणून खेड्यातली पोरं शहरात राहून शिकू शकली. पुण्यात १९५५ साली सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती आजही ग्रामीण मुलामुलींना कमी खर्चात राहायला-जेवायला देते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तोही कर्जाऊ शिष्यवृत्तीचा, म्हणजे एकाने फेडलेले पैसे पुढच्याच्या उपयोगी पडावेत असा. तुमच्या गावच्या निधीची परतफेडीची अट त्याच जातीची आहे. अर्जात रक्कम आणि मुदत नसली तरी मुलीला ते देणं म्हणूनच सांगा. नोकरी लागल्यावर महिन्याला दोन-अडीच हजार म्हटले तरी पाच ते सात वर्षांत फिटतं.

अशा निधीतून निवड होताना नवव्या-दहाव्या क्रमांकाचं कोणीतरी बाहेर राहतं. ज्याचं नाव थोडक्यात हुकलं त्याच्या घरी यंदा काय चाललं असेल याचा विचार करा. आपल्याला मिळालेले पैसे कॉलेजवरच खर्च करायचे, लग्नाच्या पॉलिसीत टाकायचे नाहीत. शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती आयकर कायद्याने करमुक्त ठेवली आहे, तीही याच हेतूने.

एक विचारायचं राहिलं. दोन पानी पत्रात मुलीला काय हवंय ते कुठेच नाही. कॉम्प्युटर तिला हवं आहे की तुम्हाला? तिलाच हवं असेल तर कॅपच्या पुढच्या फेऱ्या उरल्या आहेत का बघा आणि पसंतीक्रमात कोल्हापूर, सातारा, सोलापूरची कॉलेजं घाला. पुण्यातलं कॉलेजही कॅपमधून मिळालं तर माझी ना नाही, शुल्कमाफी तिथेही लागू होते. मग राहण्याचा खर्च तेवढा वाढेल. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण तिच्या उत्पन्नाच्या अटीत तुम्ही बसता का ते आधी तपासा.

या आठवड्यात करायचं ते असं. पुण्याच्या एजंटाला नाही म्हणून कळवा. कॅपची जागा मुदतीच्या आत निश्चित करा, ती हातची गेली तर वरचा सगळा हिशेब फुकट. तहसीलमधून चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा, नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत संपत आली नाही ना ते तपासा, मुलीचं बँक खातं आधारला जोडून घ्या, आणि महाडीबीटीचा अर्ज कॉलेज सुरू होताच भरा. तो दर वर्षी नव्याने भरावा लागतो. माफीला पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क आधी वसूल करू नका अशा सूचना सरकारने कॉलेजांना दिलेल्या आहेत. तरी कोणी पूर्ण फी मागितलीच तर मागणी लेखी घ्या आणि तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालक कार्यालयाला कळवा.

निधीचे पैसे बहुधा प्रवेशाची पावती दाखवल्यावर, म्हणजे पहिलं सत्र सुरू झाल्यानंतर हातात येतील. तोवर वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांची मेस भागवायला मुदत ठेवीतले ५० हजार मोडून बचत खात्यात ठेवा.